गर्भवतीच्या मनाची विचारपूस

कल्पसूत्रात एक प्रसंग आहे. गर्भाची हालचाल थांबल्याचे जाणवताच त्रिशलामाता शोकाकुल झाल्या आणि राजा सिद्धार्थांच्या प्रासादातील गीतवाद्येही थांबली. साऱ्या घराने त्यांचे दुःख आपले मानले.

आज गर्भवतीच्या आहाराची, सोनोग्राफीच्या तारखांची घरात चोख नोंद राहते. मनाची मात्र राहत नाही. उदास सुनेला ‘आनंदी राहा, बाळावर परिणाम होईल’ असे बजावले जाते. त्याने उदासी जात नाही, अपराधभाव तेवढा वाढतो.

दोन आठवडे टिकणारी खिन्नता, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे ही नैराश्याची लक्षणे होत. उपचार न झाल्यास मातेची आबाळ होते, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा व बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. समुपदेशनाने आणि गरजेनुसार औषधांनी हा आजार आटोक्यात येतो. चालू औषध मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नये. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य साहाय्य मिळते.

पतीने व सासूबाईंनी तिला उपदेश करण्याआधी तिचे ऐकून घ्यावे. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.