गुलाबी थंडीतला धूर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार ४०० एकरांहून मोठे, झाडांनी भरलेले. तेथील हवा शुद्धच असणार, असे आपण धरून चालतो. परंतु भिंतीपलीकडे गणेशखिंड रस्ता आहे. चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला गेला, गाड्यांची रीघ मात्र राहिली. धुराला भिंत अडवीत नाही.

पावसाळ्यातही गाड्या असतातच. पण पाऊस धूळ खाली बसवतो, वारा धूर पांगवतो. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा गार, जड होऊन तळाशी बसते आणि वरच्या उबदार हवेचे तिच्यावर झाकण पडते. रात्रीचा धूर पहाटेपर्यंत तेथेच, त्यात सकाळच्या वाहनांची भर! ऊन तापल्यावरच झाकण उठते.

नेमके त्याच वेळी मुले-मुली तेथे धावायला येतात, आणि धावणारा बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. कवींनी गुलाबी थंडी खुशाल गावी. पहाटेच्या व्यायामाचा उपदेश झाला तेव्हा चौकात एवढ्या मोटारी नव्हत्या. या दोन महिन्यांत धावण्याचा सराव दुपारी चारला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कमवा व शिका’ योजनेतल्या मुलांची त्यामुळे अडचण होईल. त्यांच्या कामाची वेळ तेवढी बदलून द्यावी.