नेट गेले, पण नेमके कुठे?

"नेट गेलं!" ही हाक आता घरोघरी रोजची झाली आहे. हाक आली की एक जण राऊटरची पिन उपटतो, दुसरा मोबाइल बंद करून चालू करतो, तिसरा कंपनीला फोन लावतो आणि 'यानेच काहीतरी दाबलं असेल' असा आळ धाकट्यावर येतो. अर्ध्या तासाने नेट सुरू होतेही; पण ते कशामुळे सुरू झाले, हे कुणालाच कळलेले नसते. म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तोच गोंधळ!

खरे तर 'नेट गेले' हा एक बिघाड नाही. रस्त्यावरच्या खांबापासून घरातल्या संगणकापर्यंत चार-पाच टप्पे असतात आणि त्यांपैकी कुठेही वाट अडू शकते. ती कुठे अडली हे आधी शोधायचे आणि मगच हात लावायचा, एवढी सवय लागली तरी बरेचसे बिघाड घरच्या घरी मिटतात. त्यासाठी कुणी इंजिनीअर असण्याची गरज नाही.

एक दार, अनेक खोल्या

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा एक टेलिफोन, एक मोडेम आणि एक संगणक असा साधा हिशेब होता. कुणी फोन उचलला की जोडणी तुटलीच म्हणून समजा. १९९९ मध्ये 'विंडोज ९८'च्या दुसऱ्या आवृत्तीत एका जोडणीवर घरातले अनेक संगणक चालवण्याची सोय आली. आज तेच काम राऊटर नावाची छोटी पेटी करते.

राऊटर म्हणजे जुन्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस. बाहेरच्या जगाला वाड्याचा पत्ता तेवढा ठाऊक असतो. आतल्या खोल्यांना क्रमांक देतो तो हा देवडीवरचा माणूस. कोणते पत्र कोणत्या खोलीने मागवले होते, हे लक्षात ठेवून तो ते बरोबर त्या खोलीत पोचवतो. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले, की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात.

आधी घराला विचारा

जयपूरच्या शास्त्री नगरातले एक घर कल्पनेत घ्या. नाहरगडच्या टेकड्यांच्या अलीकडची ही वस्ती. राजस्थान सरकारचे विज्ञान उद्यान इथेच आहे. नोकरीच्या निमित्ताने इथे स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. खाली आजी-आजोबा, वरच्या मजल्यावर आई-बाबा आणि मुले. राऊटर खालच्या पुढच्या खोलीत. ताईच्या परीक्षेच्या अर्जाची आज शेवटची तारीख आणि वरच्या खोलीत नेमके पान उघडत नाही. अशा वेळी बाबांनी राऊटरकडे धावण्याआधी जिन्यातून एकच प्रश्न विचारावा.

"आजोबा, तुमच्या मोबाइलवर बातम्या लागताहेत का?"

"लागताहेत की! का रे?"

या एका उत्तराने निम्मे काम झाले. बाहेरून येणारी तार ठीक आहे, राऊटर ठीक आहे. अडचण ताईच्या संगणकात किंवा तिच्या खोलीपर्यंतच्या वाटेत आहे. उलट सगळ्यांचेच बंद असते, तर संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नव्हता.

मात्र हा प्रश्न विचारताना आजोबांच्या मोबाइलमधले सिमकार्डाचे नेट बंद करायला सांगावे. वायफाय कमजोर झाले की मोबाइल गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर जातो आणि आपली दिशाभूल होते. याच्या उलटही घडते. २६ सप्टेंबर २०२१ रोजी शिक्षक पात्रतेच्या 'रीट' परीक्षेसाठी जयपूरसह राजस्थानात अनेक ठिकाणी मोबाइल इंटरनेट बंद ठेवण्यात आले होते. अशा दिवशी मोबाइल गप्प आहे म्हणून राऊटर खोलून बसणे व्यर्थच.

दिव्यांची भाषा

सगळ्यांचेच नेट बंद असेल तर पेटीवरचे दिवे पाहावेत. फायबरची जोडणी असलेल्या पेटीवर 'पॉन' नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल, तर तारेतून येणारा प्रकाशच पोचत नाही असे समजावे. तार खेचली गेली असेल, कुठे तुटली असेल किंवा घरातच कपाटामागे कोनात दुमडली असेल. जयपुरात संक्रांतीला छताछतांवरून पतंग उडतात, माकडांचा वावरही बारा महिने असतो. छतांवरून नेलेल्या तारांना धोका काही कमी नाही. घरातली दुमडलेली तार हलक्या हाताने सरळ करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर कंपनीला कळवावे. फायबरच्या सुट्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये.

दिवे ठीक असूनही नेट नसेल, तर पेट्या क्रमाने चालू कराव्यात. कंपनीची पेटी आणि राऊटर दोन्ही बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी कंपनीची पेटी चालू करावी, तिचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग राऊटर आणि शेवटी संगणक. घाईने सगळे एकदम चालू केले तर राऊटर वाट पाहत अडकून बसू शकतो.

पेटीच्या मागे टाचणीने दाबायचे एक बारीक छिद्र असते, त्याच्या वाटेला जाऊ नये. ते पेटी नुसती बंद-चालू करण्यासाठी नसते. त्याने राऊटरमध्ये भरलेली सगळी माहिती पुसली जाते. मग चालू असलेली जोडणीही बंद पडते आणि कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते.

तार की हवा?

ताईच्या घरी पुढची पायरी म्हणजे संगणक खाली आणून वायरने थेट राऊटरला जोडणे. लगेच पान उघडले, तर दोष वायफायचा. आधी तिथेच बसून अर्ज भरावा, दुरुस्ती मागाहून!

जयपुरात दगडी भिंती आणि दगडी पट्ट्यांची छते पुष्कळ घरांत दिसतात. जाड दगड वायफायच्या लहरी अडवतो. राऊटर लोखंडी कपाटात, फ्रिजमागे किंवा जमिनीवर न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. राऊटरचे सहसा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे जास्त पोचतो, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान असतो पण लवकर थकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच चालतो. तेव्हा ओव्हन लावला की नेट अडखळत असेल, तर कारण स्वयंपाकघरात शोधावे.

वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर आणला, तर एक खबरदारी हवी. एकाच देवडीवर दोन माणसे आपापल्या मनाने खोल्यांना क्रमांक वाटू लागली तर काय होईल? खालचा प्रिंटर वरून दिसत नाही, यंत्रे मध्येच तुटतात. म्हणून दुसऱ्या राऊटरचे क्रमांक वाटण्याचे काम बंद करून त्याला नुसते वायफाय पसरवायला ठेवावे. विक्रेत्याकडून हे आधीच करून घ्यावे.

संगणकाला मिळालेला क्रमांक नेटवर्कच्या माहितीत दिसतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने क्रमांक दिलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक ठरवून घेतला, असे समजावे. वायफाय तोडून पुन्हा जोडावे.

एक छोटी हाक

संगणकावर 'पिंग' नावाची एक सोय असते. अमेरिकेच्या माइक म्यूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. एखाद्या क्रमांकाला हाक मारायची आणि उत्तर येते का पाहायचे, एवढेच तिचे काम. आधी राऊटरच्या क्रमांकाला हाक मारावी. बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो. मग ८.८.८.८ या गुगलच्या खुल्या क्रमांकाला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राऊटर बोलला पण पुढचा क्रमांक गप्प, तर दोष बहुधा राऊटरच्या पलीकडे. दोन्ही क्रमांक बोलले पण नावाला उत्तर नाही, तर नावावरून क्रमांक शोधून देणारी 'डीएनएस' नावाची टेलिफोन डिरेक्टरी बिघडली आहे. राऊटर बंद-चालू करून पाहावा.

परका पाहुणा

नेट बंद नाही, पण अतिशय मंद आहे, असेही होते. तेव्हा राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी. घरात सात यंत्रे आणि यादीत दहा, तर तिघे कोण?

हा प्रश्न केवळ वेगाचा नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी धमकीचा ई-मेल पाठवला गेला. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचले. तिथले वायफाय सुरक्षित नव्हते आणि बाहेरच्यांनी ते वापरल्याचे तपासात पुढे आले. घरातल्या माणसाला मात्र चौकशीला तोंड द्यावे लागले. वाड्याचा पत्ता एकच, म्हणून आतून कुणीही पत्र टाकले तरी नाव वाड्याचेच!

तेव्हा वायफायला लांब पासवर्ड हवा, 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' ही सुरक्षा हवी आणि राऊटरबरोबर आलेला मूळ पासवर्ड बदललेला हवा. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय ठेवावे.

राऊटरजवळ एक कागद

सगळे सुरळीत असेल त्या दिवशी पाच मिनिटे काढावीत. पेटीच्या दिव्यांचा एक फोटो घ्यावा. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन आणि राऊटरचा क्रमांक एका कागदावर लिहून तो जवळच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवावा. पासवर्ड मात्र वेगळा जपून ठेवावा. तक्रार करताना 'नेट नाही' एवढेच न सांगता 'लाल दिवा लुकलुकतो आहे, वायरनेही चालत नाही, सकाळी नऊपासून बंद आहे' असे सांगावे. मग पलीकडच्या माणसालाही कामाला लागणे सोपे जाते.