खिशात मावेल तेवढेच

आईबाबांनो, काकाकाकूंनो आणि छोट्या गटातल्या दोस्तांनो,

या अंकात 'आमचे मत' हे पान मोठ्या गटाने लिहायचे असे बाईंनी सांगितले. विषय आम्ही निवडला, शुद्धलेखन बाईंनी तपासले. विषय असा: लंडनसारख्या शहरात एकट्याने फिरताना जवळ काय असावे? हा विषय का सुचला ते आधी सांगतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमची एक मैत्रीण (वय बारा, नाव छापायचे नाही असे ठरले आहे) पोहण्याच्या क्लासहून बसने घरी निघाली. रस्त्याचे काम चालू होते. बस दुसऱ्याच वाटेने गेली आणि सगळ्यांना मध्येच उतरावे लागले. डिसेंबरात इथे चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. आता तर पावणेसहा झाले होते. तिने फोन काढला, तर बॅटरी संपलेली. पाठीवरचे दप्तर मात्र चांगले सहा किलोचे होते. त्यात सात पेने, ओला टॉवेल, गेल्या टर्मची पत्रे आणि अर्धे सँडविच होते. त्या वेळी उपयोगी पडेल असे काहीच नव्हते.

ती समोरच्या दुकानात शिरली. दुकानदार भला माणूस होता. त्याने आपला फोन तिच्या हातात दिला. तेव्हा तिच्या लक्षात आले की आपल्याला आईचा नंबर येत नाही. बाबांचाही येत नाही. फोनवर 'आई' हे नाव दाबले की आई बोलते, मग नंबर पाठ कशाला करायचा? तिला जगात एकच नंबर पाठ होता, साताऱ्याच्या आजीच्या घरचा. ती पाच वर्षांची असताना आजीने तो तिच्याकडून पाढ्यासारखा म्हणून घेतला होता.

तिने साताऱ्याला फोन लावला. तिथे रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. आजी दचकून उठली, पण तिने गोंधळ केला नाही. फोनशेजारच्या वहीत आईचा इथला नंबर लिहिलेला होता, तो ती वाचू लागली, "चौऱ्याहत्तर, एकोणसाठ..." मैत्रीण म्हणाली, "आजी, एकेक आकडा सांग ना!" (बाई, हे आम्ही मुद्दाम लिहिले आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आम्ही सगळेच अडकतो.) आजीने एकेक आकडा दोनदा सांगितला, दुकानदाराने तो पावतीच्या मागे लिहून घेतला आणि वीस मिनिटांत आई दुकानात पोचली.

गोष्ट सुखाने संपली. पण नंतर घरोघरी जे झाले, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

एकाच्या घरी मुलगा कुठे आहे ते दाखवणारे घड्याळ आले. एकीच्या दप्तरात दोन पॉवर बँक आल्या. एकाच्या मामाने भारतातून येताना ताईसाठी मिरीचा फवारा आणू का असे विचारले. आणि ज्या मैत्रिणीची ही गोष्ट आहे, तिचे बसने जाणे बंद झाले. आता तिला क्लासला गाडीने नेतात आणि गाडीने आणतात. दप्तरे जड झाली आणि आमचे फिरणे कमी झाले. पण फोनशिवाय काय करायचे ते आम्हाला कोणी शिकवले नाही.

म्हणून एका शनिवारी मधल्या सुट्टीत आम्ही वर्गातल्या मोठ्या टेबलावर आपापली दप्तरे रिकामी केली. हसून हसून पुरेवाट झाली. एकाच्या तळाशी दिवाळीतली करंजी निघाली. मग आम्ही ठरवले की रोज जवळ ठेवायच्या वस्तूंचा एक छोटा संच करायचा. अट अशी की तो जुन्या कंपासपेटीत किंवा चष्म्याच्या डबीत मावला पाहिजे आणि त्यातली प्रत्येक वस्तू का ठेवली ते आपल्याला सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही, तर ती वस्तू बाहेर.

इंग्रजीत याला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. आम्ही याला बटवा म्हणतो. बाई म्हणाल्या की ही कल्पना मुळीच नवी नाही. पणजोबा धोतराच्या कनवटीला पैसे लावत, पणजीच्या पदराच्या गाठीत नाणे असे आणि प्रवासाला निघताना पानसुपारीची चंची कमरेला असे. खिसे नव्हते, तरी सोय होती. बाईंच्या आईच्या बांगडीत नेहमी दोन सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. लोकलमध्ये चपलेचा पट्टा तुटला, की अर्ध्या डब्याला तिची आठवण येई.

आता आमच्या बटव्यात काय आहे ते सांगतो.

पहिली वस्तू चिठ्ठी. तिच्यावर आई, बाबा आणि जवळ राहणाऱ्या एका काकूंचे नंबर पेनाने लिहायचे आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे ती भिजत नाही. कसली ॲलर्जी असेल तर तीही लिहायची. घरचा पत्ता मात्र लिहायचा नाही. बटव्यात किल्ली असते, आणि किल्ली व पत्ता एकाच ठिकाणी सापडले तर चोराला आमंत्रणच! पत्ता आणि पोस्टकोड पाठच पाहिजे. नंबरही पाठ पाहिजेत. चिठ्ठी हरवली तर काय करणार?

दुसरी वस्तू पैसे. पाच पौंडांची एक नोट आणि एकेक पौंडाची दोन नाणी. इथली पाचाची नोट २०१६ पासून प्लॅस्टिकची झाली आहे, पावसात भिजली तरी बिघडत नाही. पण छोट्या दोस्तांनो, लंडनच्या बसमध्ये हे पैसे चालणार नाहीत. जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. त्यामुळे तिसरी वस्तू लागते, प्रवासाचे कार्ड. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना झिप कार्डावर बस फुकट आहे. हे कार्ड फोनच्या कव्हरमध्ये ठेवायचे नाही. फोन गेला की कार्डही जाते.

मग छोट्या वस्तू: चार बँड-एड, कागदी रुमाल, दोन सेफ्टी पिना, केसांचे एक रबर, पेन्सिलीचा तुकडा आणि घडी केलेली कापडी पिशवी (दुकानातली पिशवी २०२१ पासून दहा पेन्सना पडते). अंधारात गाडीवाल्यांना दिसावे म्हणून दंडाला लावायची चकाकणारी पट्टी. खाऊ म्हणून राजगिऱ्याची एक वडी. शेंगदाण्याची चिक्की आम्हाला जास्त आवडते, पण पुष्कळ शाळांत दाण्यांना बंदी आहे आणि शेजारच्या मुलाला ॲलर्जी असू शकते.

ज्याला दम्याचा पंप लागतो त्याने तो सर्वांत वर ठेवावा. ज्यांना ॲड्रेनलिनचे पेन दिलेले आहे, त्यांनी दोन पेने नेहमी जवळ ठेवावीत असा इथल्या औषध नियामकांचा सल्ला आहे. बाकी गोळ्या बटव्यात नकोत, आणि आपल्या गोळ्या मैत्रिणीला तर मुळीच द्यायच्या नाहीत.

हे सगळे आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. किल्लीसकट १८० ग्रॅम भरले.

आता काय नको ते. मामांचा मिरीचा फवारा नको. भारतात तो दुकानात मिळतो, पण इथे १९६८ च्या कायद्याने तो बंदी असलेल्या शस्त्रांत, म्हणजे बंदुकांच्या पंक्तीत बसतो. जवळ सापडला तर पोलीस आपल्यालाच धरतील. चाकू तर नकोच. घडी होणारा, लॉक न होणारा आणि तीन इंचांपर्यंत पात्याचा चाकू जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही, असे एकाने शोधून काढले. पण शाळेत तो चालत नाही, आणि सफरचंद दातांनीही खाता येते.

आता आईबाबांचे म्हणणे. ते म्हणतात, "फोन आहे ना? नकाशा त्यात, पैसे त्यात, तिकीट त्यात, नंबर त्यात. हे डबडे कशाला?"

फोन वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही (आम्ही तसे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही!). फोन लॉक असला तरी त्यावरून ९९९ लावता येतो. बोलणे धोक्याचे असेल तर मोबाईलवरून ९९९ लावून, विचारल्यावर ५५ दाबले की मदत हवी आहे हे कळते. रेल्वेत किंवा ट्यूबमध्ये कोणी त्रास दिला तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो. हे तिन्ही आकडे सर्वांनी पाठ करावेत.

पण सगळे एकाच वस्तूत ठेवले, की ती एक वस्तू गेल्यावर सगळेच जाते. लंडनमध्ये रस्त्यावर फोन हिसकावून नेतात हे तुम्हीच आम्हाला रोज सांगता. फोनने ट्यूबमध्ये शिरलो आणि मध्येच बॅटरी संपली, तर बाहेर पडताना त्याच फोनने टच करता येत नाही आणि जास्तीत जास्त भाडे बसते. शिवाय तुमच्याच आठवणी पाहा. २८ ऑगस्ट २००३ ला संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी लंडनच्या एका भागातली वीज अर्ध्या तासाहून थोडी जास्त गेली आणि ट्यूब व रेल्वे अडकून पडल्या. ७ जुलै २००५ ला बॉम्बस्फोट झाले, तेव्हा ट्यूब बंद झाली, मध्य लंडनमधल्या बस बंद झाल्या आणि मोबाईल लागेनासे झाले. आमच्यातल्या एकाची आई त्या दिवशी ऑफिसच्या बुटांनी तीन तास चालत घरी आली. तिच्या पर्समध्ये छोटा नकाशा होता आणि डब्यातली अर्धी पोळी शिल्लक होती. ही गोष्ट ती आम्हाला नेहमी सांगते. मग आम्हालाही तशी तयारी करू द्या.

दुसरे म्हणणे असे की बटवा आईने भरून द्यावा, मुले विसरतात. हे आम्हाला अजिबात पटत नाही. आईने भरलेल्या पिशवीत काय आहे ते आईला माहीत असते. आमच्या मैत्रिणीच्या दप्तरात पुढच्या कप्प्यात आईने पाच पौंड ठेवलेले होते. ते तिला घरी आल्यावर कळले! म्हणून बटवा आम्हीच भरणार. तुम्ही महिन्यातून एकदा तपासा. वडी संपली असेल तर ओरडू नका, नवी द्या.

तिसरी गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे. आम्हाला काही होईल अशी तुम्हाला भीती वाटते, हे आम्हाला कळते. इथे आजीआजोबा शेजारी नाहीत, वाड्यात हाक मारली की चार जण धावून येतील असेही नाही. पण ही भीती दप्तरात आणखी एक यंत्र टाकून जात नाही, आणि आमची बस बंद करूनही जात नाही. एक दिवस आम्हाला एकट्याने जावेच लागेल. त्या दिवशी नंबर पाठ नसला तर घड्याळ काय करणार? तिची बॅटरी संपली होती, तरी ती गोंधळली नाही. ती उजेडातल्या दुकानात गेली, तिने मदत मागितली आणि आठवत होता तो एकच नंबर वापरला. हे तिने बरोबर केले, असे तिला अजून घरात कोणी म्हटलेले नाही. आम्ही म्हणतो.

तेव्हा आमच्या मागण्या तीन आहेत. एक, पुढच्या शनिवारी सर्वांनी एक रिकामी कंपासपेटी किंवा डबी वर्गात आणावी. मोठा गट छोट्या गटाला बटवा भरायला शिकवील. चिकटपट्टी वर्गात आहे. दोन, प्रत्येकाने आईबाबांचे नंबर मराठीत, एकेक आकड्याने आणि जोडीनेही, म्हणून दाखवावेत. एकोणसाठ चुकले तर पुन्हा पहिल्यापासून! आईबाबांनीही एकमेकांचे नंबर न बघता सांगावेत. आम्ही घरी विचारले, तर दोन बाबांना आले नाहीत.

तीन, आमच्या मैत्रिणीचा पोहण्याचा क्लास दर गुरुवारी असतो. तिचा बटवा भरून तयार आहे. चिठ्ठीवर तीन नंबर आहेत, आणि चौथा, साताऱ्याचा, तिने स्वतःच्या हाताने खाली लिहिला आहे. काका, काकू, येत्या गुरुवारी तिला बसने येऊ द्या.

– मोठा गट