कुत्रा जाड होतोय, कारण कुणीच मोजत नाही

आजची पोस्ट कुत्र्यांवर आहे. ‘पत्रकाराला दुसरे विषय संपले का?’ असं विचारणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं. विषय कुत्र्याचा असला तरी प्रश्न ग्राहकाचा आहे, कायद्याचा आहे आणि सरकारी दवाखान्याचाही आहे.

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात दहा-पंधरा वर्षांपूर्वी लॅब्रॅडोर दिसला की पोरं मागं धावायची. आता प्रत्येक कॉलनीत दोन-चार आहेत. सकाळी सहाला फिरायला निघा आणि नीट बघा. कंबर नावाची गोष्टच नाही, पाठ टेबलासारखी सपाट, शंभर पावलं चालला की बसकण मारतो. आणि मालक कौतुकानं सांगतो, “खात्यापित्या घरचा आहे!”

हे कौतुक नाही, हा आजार आहे. त्यावर उपाय म्हणून दुकानात काय मिळतं? आणखी एक पाकीट. ‘वजन कमी करणारं’, ‘लाइट’, ‘फिट’. साध्या खाद्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीचं. माणूस ते घेतो, पूर्वीसारखंच वाडगं भरून घालतो, वर दोन पोळ्या चालूच. सहा महिन्यांनी कुत्रा तसाच आणि मालक म्हणतो, “काही उपयोग नाही हो.”

माझं म्हणणं एवढंच आहे: योग्य खाद्य कोणतं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न किती, हा आहे. आणि ‘किती’चं उत्तर घरातही कुणी देत नाही, पाकिटावरही नाही आणि सरकारी दवाखान्यातही नाही.

आधी घर. आमच्या मोंढ्यातल्या एका दुकानदाराचा लॅब्रॅडोर घ्या. मोंढ्यात आहे म्हणून आडतीच्या काट्यावर वजन तरी झालं. ३८ किलो. त्याच्या हाडापेराला २८ किलो पुरे. मी त्यांना दिवसभराचं खाणं लिहायला लावलं. सकाळी चहासोबत सहा ग्लुकोज बिस्किटं, म्हणजे साधारण १५० कॅलरी. पाव लिटर दूध, २०० च्या वर. दोन तूप लावलेल्या पोळ्या, पावणेतीनशे. कोरडं खाद्य दोन वेळचं मिळून ३०० ग्रॅम, म्हणजे हजारच्या पुढे. रात्री उरलेला भात किंवा भाकरी, अडीचशे. बेरीज १९०० च्या वर जाते.

आता गरज किती? पशुवैद्यक वापरतात ते सूत्र असं: किलोतल्या वजनाचा पाऊण घात, त्याला ७० नं गुणायचं. जुन्या फोनमधल्या कॅल्क्युलेटरवरही होतं: वजन तीनदा एकमेकांनी गुणा, त्याचं वर्गमूळ काढा, पुन्हा वर्गमूळ काढा, ७० नं गुणा. २८ किलोला उत्तर येतं साधारण ८५०. वजन उतरवायचं असेल तर लक्ष्य-वजनाच्या या आकड्यापासून सुरुवात करतात. म्हणजे हा कुत्रा दुपटीहून जास्त खातोय. आणि दुकानदार शपथेवर सांगतो, “साहेब, तसा तो काही खातच नाही.” कारण त्यांच्या हिशेबात फक्त वाडग्यातलं खाणं आहे. बिस्किट म्हणजे लाड, दूध म्हणजे सवय, भाकरी म्हणजे पुण्य. आजी वेगळं घालते, नातू वेगळं घालतो, दुकानातला पोरगा वेगळं. हिशेब कुणाकडेच नाही.

“आमच्या शेतावरचा कुत्रा आयुष्यभर भाकरीवरच जगला,” हे मला दर वेळी ऐकवलं जातं. जगला असेल. तो रात्रभर रानडुकरांमागं पळत होता, आणि भाकरी मिळाली तर मिळाली, नाही तर नाही. तुमचा कुत्रा फरशीवर पंख्याखाली झोपतो. भाकरी तीच आहे, कुत्र्याचं काम बदललंय.

जाड झाला तर बिघडतं काय? २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एकाच वेतातल्या लॅब्रॅडोर पिल्लांच्या २४ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांधेदुखीसुद्धा कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. हा अभ्यास कुणा उपासवाल्याचा नाही, पुरिना या कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीचाच आहे. पावणेदोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढा काळ! आणि आपल्याकडचा मे महिना त्यात धरा. ४२ अंशांत कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करतो. अंगावर दहा किलो चरबी असेल तर तेही त्याला जड जातं. उष्माघाताचा धोका जाड कुत्र्याला जास्त.

मालकांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. लॅब्रॅडोर हावरा असतो तो सगळा लाडानं बिघडलेला नसतो. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याला भूक खरोखर जास्त लागते. नसबंदीनंतर कुत्र्याची गरज कमी होते, हेही फार जणांना कुणी सांगत नाही. थायरॉइडमुळेही वजन वाढतं. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. पण भूक जास्त आहे म्हणून मोजायचं नाही, असं होत नाही. उलट अशा कुत्र्याचं तर मोजायलाच हवं.

आता पाकीट. घरात असेल ते उलटून बघा. प्रथिनं किमान इतकी, स्निग्धांश किमान इतका, तंतू कमाल, ओलावा कमाल. शंभर ग्रॅमला किती कॅलरी, हे कित्येक पाकिटांवर शोधून सापडत नाही. पाच रुपयांच्या बिस्किट पुड्यावर ऊर्जा छापलेली असते, कारण तो पुडा माणसाच्या अन्नाच्या कायद्यात येतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणजे काय झालं? कुत्र्याला चुकून घातलेल्या बिस्किटाच्या कॅलरी मला कळतात, आणि त्याच्यासाठी हजारो रुपये मोजून आणलेल्या पोत्याच्या कळत नाहीत.

अमेरिकेत कुत्र्याच्या खाद्यावर कॅलरी लिहाव्या लागतात. कोरड्या खाद्यावर ‘लाइट’ लिहायचं तर किलोला ३१०० कॅलरींच्या वर जाता येत नाही. तिथं विकताना हे सगळं जमतं, तर इथं छापायला शाई महाग पडते का?

तोवर स्वतः गणित करा. प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा यांची बेरीज करा, राखेचे म्हणून ८ मिळवा, शंभरातून वजा करा. उरले ते पिष्ट. प्रथिनांना ३.५, पिष्टाला ३.५ आणि स्निग्धांशाला ८.५ नं गुणून बेरीज करा. प्रथिनं २४, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १० असेल तर उत्तर ३२३ कॅलरी येतं. हा अंदाज आहे, आणि स्निग्धांश ‘किमान’ लिहिलेला असल्यानं खरा आकडा याच्या वर असू शकतो.

मग वजन कमी करण्याचं खाद्य म्हणजे निव्वळ फसवणूक का? नाही. साधं खाद्य फार कमी केलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि खनिजंही कमी पडतात. चांगल्या प्रतीच्या अशा खाद्यात कॅलरी कमी, प्रथिनं आणि तंतू जास्त असतात, म्हणून पोट भरतं. बरंच वजन उतरवायचं असेल तर त्याचा उपयोग आहे. पण ग्रॅमवर मोजून, आणि बाकी सगळं बंद करून. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत. गाजर, काकडी, उकडलेला दुधी किंवा फरसबी चालते. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नाही. ही कुत्र्याला विषारी आहेत, म्हणून फोडणीचं उरलंसुरलं बंद. आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरलं तर वेग बरोबर. मोंढ्यातल्या त्या ३८ किलोला साधारण साडेतीन ते सात महिने लागतील. उपाशी ठेवून महिन्यात उतरवायला जाऊ नका.

काटा नसेल तर हाताची परीक्षा आहे. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रा बारीक. पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर ठीक. तळहाताच्या गादीसारखं लागलं तर जाड.

तिसरी गोष्ट सरकारी दवाखान्याची. आमच्याकडच्या दवाखान्यात कुत्र्याचं वजन करायला काटाच नाही. डॉक्टर नजरेनं अंदाज घेतात. त्यांना दोष देत नाही. गायी-म्हशी, लसीकरण, कृत्रिम रेतन आणि वर कागदपत्रं, यातून त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. पण औषधाचा डोस वजनावर ठरतो, जंताच्या गोळीचासुद्धा. मग काटा ही चैन कशी? शेळ्या-करडांनाही तोच उपयोगी पडेल.

“माणसांना खायला नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या कॅलरी मोजताय!” ही कमेंट येणारच, म्हणून आताच उत्तर देतो. मी कुत्र्याला जास्त द्या म्हणत नाहीये, कमी द्या म्हणतोय. ज्याला अन्नाची नासाडी खुपते त्यानं तर माझ्या बाजूनं उभं राहायला हवं.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकानं पुरेसं अन्न दिलं नाही तर गुन्हा आहे, पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. ५० रुपयांत आता बिस्किटाचे पुडेही फार येत नाहीत. पण निदान उपाशी ठेवणं वाईट, एवढं कायद्याला कळतं. खाऊ घालून पांगळं करणं कुठल्याच कलमात बसत नाही, आणि बसवावं असंही मी म्हणत नाही. लाड करणाऱ्या आजीला कोर्टात कोण नेणार?

मागण्या तीनच. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक खाद्यावर शंभर ग्रॅममागे कॅलरी छापणं सक्तीचं करा. ‘लाइट’ आणि ‘वजन कमी’ या शब्दांना मर्यादा घाला. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात एक सपाट काटा द्या. यात एकही मागणी कोटींची नाही.

आणि चौथी तुमच्या-माझ्याकडे. स्वयंपाकघरात भाजीचा छोटा काटा असतोच. उद्यापासून कुत्र्याचं खाणं सकाळीच एकदा मोजून एका डब्यात काढून ठेवा. आजीनं घालायचं ते त्यातून, नातवानं घालायचं तेही त्यातूनच. डबा संपला की दिवस संपला.

घरातलं पाकीट आत्ता उलटून बघा. कॅलरी छापल्या आहेत का नाहीत, एवढंच खाली लिहा. ती यादी घेऊन मी पशुसंवर्धन खात्याला निवेदन देणार आहे.