दुसऱ्या खुर्चीवर कोण?

अमेरिकेतल्या एखाद्या बेसबॉल संघाला नवा खेळाडू हवा असला, की त्याचे सारे काही मोजून पाहिले जाते. खांद्याची ताकद, पायांचा वेग, डोळ्यांची नजर, शिवाय गेल्या पाच वर्षांचा प्रत्येक चेंडू. पण संघाच्या सामन्यांचे दूरचित्रवाणीवर समालोचन करणाऱ्या दोघांपैकी दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस बदलायची वेळ आली, की मोजायचे काय हेच कोणाला नीटसे ठाऊक नसते. गंमत अशी की, खेळाडू चार-सहा वर्षांत दुसऱ्या गावी निघून जातो. हा माणूस मात्र एकदा बसला आणि लोकांना आवडला, तर वीस-तीस वर्षे त्यांच्या दिवाणखान्यात बोलत राहतो.

ही दुसरी खुर्ची म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. पहिल्या खुर्चीवरचा माणूस धावते समालोचन करतो. चेंडू टाकला, बॅटला लागला, झेल घेतला, एक बाद. दुसऱ्याला तिकडे ‘कलर कॉमेंटेटर’ म्हणतात, म्हणजे रंग भरणारा. तो बहुधा निवृत्त खेळाडू असतो. काय झाले ते पहिला सांगतो, का झाले ते याने सांगायचे. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकलेल्या आमच्या पिढीला ही वाटणी समजायला अवघड नाही. फरक आहे तो वेगळाच. आपल्याकडे भारत-ऑस्ट्रेलिया सामना असला तर दोन्हीकडचे समालोचक एकाच खोलीत बसतात. बेसबॉलच्या साखळी सामन्यांत बहुतेक वेळा प्रत्येक संघाची वाहिनी वेगळी आणि समालोचकांची जोडीही वेगळी. एकच सामना, पण बॉस्टनच्या घरात तो एका आवाजात ऐकू येतो आणि बाल्टिमोरच्या घरात दुसऱ्या. आणि असे सामने किती, तर एका हंगामात एका संघाचे १६२. मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. आपल्या सख्ख्या भावाशीही आपण एवढे बोलत नाही.

माझी मुलगी बॉस्टनजवळ राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यानंतर माझे काही उन्हाळे तिच्याकडे गेले. जावई संध्याकाळी कामावरून आला की रेड सॉक्सचा सामना लावी, आणि मी क्रिकेटचा माणूस, नाइलाजाने शेजारी बसे. खेळ मला हळूहळू कळला, पण त्याआधी एक आवाज ओळखीचा झाला. तो जेरी रेमीचा. ‘र’ गिळून टाकणारा, त्या भागातल्या सामान्य माणसाचा आवाज.

रेमी मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरसेट नावाच्या लहान गावात वाढला. १९७८ ते १९८४ तो रेड सॉक्सकडून खेळला, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून थांबला आणि १९८८ पासून संघाच्या वाहिनीवर बसू लागला. खेळाडू म्हणून तो थोर नव्हता. दहा वर्षांच्या कारकिर्दीत त्याच्या नावावर फक्त ७ होमरन आहेत, आणि हे तो स्वतःच हसत सांगे. पण क्षेत्ररक्षक एक पाऊल डावीकडे का सरकला, बेसवरचा धावणारा पिचरच्या टाचेकडे का पाहतो आहे, हे त्याला आधी दिसे. ज्याला ताकदीच्या जोरावर जिंकता आले नाही, त्याला बारकावे पाहावेच लागतात. मिलवॉकीचा बॉब युकर तर फलंदाज म्हणून त्याहूनही यथातथाच होता. तो १९७१ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत तिथल्या रेडिओवर बोलत राहिला आणि २०२५ च्या जानेवारीत गेला. स्वतःच्या सुमार खेळाची टिंगल करत त्याने साऱ्या देशाला हसवले.

रंग भरणे म्हणजे नुसते विनोद नव्हेत. त्याचा सर्वोत्तम नमुना मला विचाराल तर ४ नोव्हेंबर २००१ चा. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ॲरिझोना. दोन्ही संघांच्या धावा २-२, शेवटचा डाव, सगळे बेस भरलेले. एक धाव झाली की संपले. ती धाव रोखण्यासाठी यांकीजने आतले क्षेत्ररक्षक आणखी पुढे आणले. पिचर होता मारियानो रिव्हेरा, आणि देशभर दिसणाऱ्या वाहिनीवर दुसऱ्या खुर्चीत होता टिम मॅकार्व्हर, जुना कॅचर. तो म्हणाला की, रिव्हेराचा चेंडू डावखुऱ्या फलंदाजाच्या अंगावर आत येतो, बॅट मोडते आणि चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून थोडाच मागे पडतो. म्हणून यांना पुढे आणण्यात धोका आहे. पुढच्याच चेंडूवर डावखुऱ्या लुईस गोन्झालेसची बॅट मोडली, चेंडू नेमका तसाच उडाला, नेमका तिथेच पडला आणि ॲरिझोना जगज्जेती झाली. यात ज्योतिष नव्हते. हजारो चेंडू बसून झेललेल्या माणसाचा तो हिशेब होता, आणि तो त्याने घटनेच्या आधी मांडला. घटना घडल्यावर शहाणपण सांगणारे पुष्कळ असतात.

आता याच मॅकार्व्हरची दुसरी गोष्ट. १९८३ पासून तो न्यूयॉर्क मेट्स संघाचा समालोचक होता. घरचा संघ चुकला तर चुकला म्हणायचा. १९९८ च्या हंगामानंतर मेट्सने त्याला निरोप दिला. त्याचा परखडपणा संघातल्या मंडळींना झोंबत होता, असे तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आले. त्याच्या जागी टॉम सीव्हर आला, मेट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा खेळाडू. सीव्हरच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. पण नेमणुका करणाऱ्यांची एक खुबी मला बँकेतल्या दिवसांपासून ओळखीची आहे. नको असलेल्या माणसाला हलवायचे असले, की त्याच्या जागी असा माणूस आणावा की कोणी ब्र काढणार नाही.

कारण मूळ पेच तोच आहे. पगार कोणाचा आणि चाकरी कोणाची? बॉस्टनची वाहिनी मोठ्या हिश्श्याने संघाच्याच मालकांची. बाल्टिमोरचीही २०२३ मध्ये तशीच होती. जिथे वाहिनी परकी असते, तिथेही समालोचक निवडताना संघाचे मत विचारले जातेच. पण ऐकणारा आहे तो दिवसभर राबून आलेला माणूस, आणि त्याला आपल्या संघाबद्दल खरे ऐकायचे आहे. आमच्या बँकेत शाखा तपासणीला वरून अधिकारी येत. शाखाधिकारी त्यांना स्टेशनवर उतरवून घेत, घरी जेवायला नेत, संध्याकाळी देवदर्शनाला नेत. मग चौथ्या दिवशी थकीत कर्जांच्या खात्यांवर शेरा लिहिताना त्या अधिकाऱ्याच्या पेनाची शाई घट्ट व्हायची. समालोचकाचे तर तपासणी अधिकाऱ्याहून कठीण. तो खेळाडूंच्याच विमानातून त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडतो.

त्या विमानात २०१७ च्या जूनअखेरीस जे घडले, ते या पेचाचे चित्रच आहे. रेड सॉक्सच्या एका तरुण पिचरने दुखापतीनंतर खालच्या दर्जाच्या संघातून सरावाचा सामना खेळला होता. त्याचे आकडे पडद्यावर आले. रेमीबरोबर तेव्हा डेनिस एकर्सलीही समालोचन करीत असे. ते आकडे पाहून त्याच्या तोंडून ‘शी!’ अशा अर्थाचा एक शब्द निघाला. एकच शब्द. संघाच्या विमानात डेव्हिड प्राइस या बड्या पिचरने त्याला सर्वांसमोर गाठून सुनावले आणि काही खेळाडूंनी त्यावर टाळ्या वाजवल्या. एकर्सली कोण? २००४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, त्याच संघाकडून खेळलेला पिचर. पिचिंग म्हणजे काय हे त्या विमानात त्याच्याहून जास्त कोणाला कळत होते? पण प्रश्न कळण्याचा नव्हताच. प्रश्न ‘आपला माणूस’ असण्याचा होता.

बाल्टिमोरमध्ये तर त्याहून विनोदी प्रकार झाला. २०२३ च्या जुलैमध्ये तिथल्या केव्हिन ब्राउन या पहिल्या खुर्चीवरच्या समालोचकाने सांगितले की, टँपा बेच्या मैदानावर मागच्या वर्षांत आपला संघ फार हरला, यंदा मात्र जिंकतो आहे. ही स्तुतीच होती. आकडे वाहिनीच्याच पडद्यावर होते आणि संघाने वार्ताहरांसाठी काढलेल्या टिपणातही होते. तरी तो काही दिवस पडद्यावरून नाहीसा झाला. संघाने त्याला दूर ठेवल्याची बातमी फुटली, तेव्हा इतर संघांच्या समालोचकांनी आपापल्या प्रक्षेपणातून निषेध केला आणि ब्राउन परत आला.

आपण यावर हसू नये. हैदराबादेत वाढलेले आपले हर्षा भोगले २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर समालोचकांच्या यादीतून अचानक गळले. कारण जाहीर झाले नाही. २०२० मध्ये संजय मांजरेकर क्रिकेट मंडळाच्या यादीबाहेर गेले. दोघेही पुढे माइकवर दिसले, ही समाधानाची गोष्ट. पण मंडळाची यादी मंडळच करणार आणि मंडळाच्या कारभारावर त्याच यादीतल्या कोणी बोलायचे, ही व्यवस्थाच विचित्र आहे.

याचा अर्थ समालोचकाने तटस्थ असावे, असे मात्र मला वाटत नाही. तटस्थ माणसाबरोबर १६२ संध्याकाळी कोण काढील? शिकागो व्हाइट सॉक्सचा केन हॅरेलसन आपल्या खेळाडूंना उघड उघड ‘चांगली माणसे’ म्हणायचा आणि प्रतिस्पर्ध्याला नावानेही हाक मारायचा नाही. लोकांना तो आवडायचा, पुढे समालोचनाचा मोठा पुरस्कारही मिळाला. संघ जिंकावा असे त्याला वाटते हे त्याने कधी लपवले नाही, म्हणून ऐकणारा त्याचे बोलणे तेवढ्या वजावटीने घेई. फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी, प्रेम नसून प्रेमाचा आव आणला जातो तिथे. जाहिरातीच्या सुरात खेळाचे वर्णन ऐकले की माझा जावई आवाज बंद करतो. बेसबॉल मुका बघायलाही बरा वाटतो.

नव्या माणसापुढे आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फार कोणाचे लक्ष गेलेले नाही. बेसबॉलमध्ये प्रत्यक्ष चेंडू हलतो तो वेळ अगदी थोडा. बाकी सारा वेळ थुंकणे, टोपी सारखी करणे, कॅचरच्या खुणा पाहणे. रंग भरणाऱ्याची सारी दौलत त्या रिकाम्या वेळेत होती. एप्रिल २००७ मध्ये बॉस्टनच्या मैदानावर एका प्रेक्षकाने दुसऱ्याच्या अंगावर पिझ्झाचा तुकडा फेकला. रेमी आणि त्याचा जोडीदार डॉन ऑर्सिलो यांनी ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत त्याचे असे साग्रसंगीत विश्लेषण केले की, हसता हसता त्यांना बोलवेना. लोक आजही ते पाहतात. २०२३ पासून मात्र पिचरवर घड्याळ लागले आहे. बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. सामना जवळपास अर्ध्या तासाने आटोपशीर झाला. ते चांगलेच झाले, पण गप्पा मारणाऱ्याची ओसरी तेवढी अरुंद झाली. आता का घडले ते दहा सेकंदांत सांगता यायला हवे. जुन्या गप्पिष्टाला कदाचित ते जमणारही नाही.

रेमीला २००८ मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. तो पुन्हा पुन्हा उलटला आणि हा पुन्हा पुन्हा खुर्चीवर परतला. मुलीच्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजीबाई त्याच्या प्रकृतीची चौकशी घरच्या माणसासारखी करायच्या. बेसबॉलचे नियम त्यांना माझ्याइतकेच येत होते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी यांकीजविरुद्धच्या सामन्याआधी तो मैदानावर आला, नाकाला प्राणवायूची नळी, आणि त्याने मानाचा पहिला चेंडू टाकला. झेलायला एकर्सली उभा होता. ३० ऑक्टोबरला रेमी गेला. एकर्सलीनेही २०२२ च्या हंगामानंतर निरोप घेतला, कॅलिफोर्नियात नातवंडांजवळ राहायला.

मग वाहिनीने काय केले? एक माणूस निवडलाच नाही. केव्हिन युकिलिस, केव्हिन मिलार अशा संघाच्या माजी खेळाडूंना सामने वाटून दिले. खर्चाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. प्रादेशिक क्रीडावाहिन्यांचे दिवस तिकडे कठीण आहेत, आणि अशा वाहिन्या चालवणाऱ्या एका बड्या कंपनीने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्जही केला. माणसे वाईट नाहीत, मिलार तर गमत्या आहे. पण सोमवारी एक, गुरुवारी दुसरा, अशाने कोणाची आवडनिवड आपल्याला कळत नाही. एखादा समालोचक ‘बरा चेंडू’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘बरा’ या शब्दाचा भाव काय, हे कळायला निदान एक हंगाम लागतो. आणि प्रेक्षकांना कोणी विचारतच नाही. २०१५ मध्ये ऑर्सिलोला काढले तेव्हा बॉस्टनच्या हजारो लोकांनी सह्यांचे निवेदन दिले. काही बदलले नाही.

बढतीच्या मुलाखती घेणाऱ्या समितीवर मी काही वर्षे होतो. या खुर्चीसाठी मला कोणी बोलावलेच, तर मी उमेदवाराला एकच काम सांगीन. त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवसाची चित्रफीत लावीन आणि म्हणेन, आता यावर बोला. एकर्सलीचा तो दिवस साऱ्या अमेरिकेला पाठ आहे. १९८८ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, शेवटचा डाव, दोन बाद. दोन्ही पायांनी अधू झालेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि त्याने एकर्सलीचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. सामना तिथेच संपला. असा फटका बसला की पिचरला मान खाली घालून मैदानाबाहेर चालत जावे लागते. तशा फटक्याला ‘वॉक-ऑफ’ हा शब्द एकर्सलीनेच रूढ केला, आणि पुढे समालोचक म्हणून तो दुसऱ्यांच्या होमरनसाठी अगदी सहज वापरत असे.