रुड गुलिटचा सोनेरी चेंडू आणि 'खेळात राजकारण नको' म्हणणारे

'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य ऐकले की आम्ही आधी ते म्हणणाऱ्याकडे पाहतो. बहुतेक वेळा हे वाक्य तोच उच्चारतो, ज्याच्या सोयीचे राजकारण मैदानात आधीच ठाण मांडून बसलेले असते. खेळाडूने बूट विकावेत, शीतपेय विकावे, राष्ट्रध्वज खांद्यावर घ्यावा, सत्ताधाऱ्यांसोबत फोटो काढावा. यातले काहीही राजकारण ठरत नाही. पण त्याने आपल्या माणसांविषयी एक शब्द काढला, की लगेच खेळाच्या पावित्र्याची आठवण होते!

हा मुद्दा समजून घ्यायचा तर रुड गुलिट या डच फुटबॉलपटूची कारकीर्द पाहावी. १९८७ च्या डिसेंबरमध्ये त्याला युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ओर' अर्थात सोनेरी चेंडू मिळाला. १९६५ मध्ये पोर्तुगालकडून खेळणाऱ्या, मोझांबिकमध्ये जन्मलेल्या युसेबिओला तो मिळाला होता. त्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी तो एका कृष्णवर्णीयाच्या हातात आला. आणि गुलिटने तो नेल्सन मंडेलांना अर्पण केला.

आज मंडेलांचे नाव घ्यायला काही लागत नाही. शाळेच्या भिंतीवरही त्यांचे चित्र असते. पण १९८७ चे मंडेला म्हणजे जन्मठेपेचा कैदी. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या संघटनेवर बंदी होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दहशतवादी संघटना म्हटले होते. अमेरिकेच्या संशयितांच्या यादीतून मंडेलांचे नाव निघायला २००८ साल उजाडावे लागले. अशा माणसाचे नाव युरोपातल्या सर्वांत महागड्या खेळाडूने घेतले. होय, सर्वांत महागड्या! त्याच उन्हाळ्यात इटलीच्या एसी मिलानने सुमारे १ कोटी ८० लाख गिल्डर मोजून त्याला पीएसव्ही आइंडहोवनकडून घेतले होते. तोवर जगात एकाही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती.

एक योगायोग इथे नोंदवून ठेवतो. मंडेलांना अटक झाली ५ ऑगस्ट १९६२ रोजी. गुलिटचा जन्म ॲमस्टरडॅममध्ये १ सप्टेंबर १९६२ चा. म्हणजे हा मुलगा जन्मला, रस्त्यावर चेंडू खेळला, व्यावसायिक झाला, युरोपात पहिला आला, आणि तेवढा सगळा काळ तो माणूस कोठडीत होता.

गुलिटचे वडील सुरिनामहून आलेले, अर्थशास्त्राचे शिक्षक. आई ॲमस्टरडॅमच्या योर्डान या कष्टकऱ्यांच्या वस्तीतली, रेइक्समुझेयम या जगप्रसिद्ध संग्रहालयात देखरेखीच्या कामावर. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते, म्हणून जन्मनाव आईचे : रुडी डिल. घर एका खोलीचे. पुढे बापाचे आडनाव घेऊन तो गुलिट झाला. ज्या संग्रहालयात त्याची आई राबली, त्याच संग्रहालयाने २०२१ मध्ये डच गुलामगिरीवर मोठे प्रदर्शन भरवले. इतिहासाला जाग यायला किती उशीर लागतो पाहा.

सुरिनाम ही डचांची वसाहत. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे पिढ्यानपिढ्या राबवली गेली. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा नुकसानभरपाई कोणाला मिळाली? मालकांना! माणशी ३०० गिल्डर. गुलामांना छदामही नाही. उलट पुढची दहा वर्षे सरकारी देखरेखीखाली सक्तीचे काम. १८७३ मध्ये ती सक्ती सुटली आणि त्याच वर्षी 'लल्ला रूख' नावाचे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन तिथे पोहोचले. मळा थांबला नाही, मजूर बदलला. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचे 'अपार्टहाइट' हे नावसुद्धा डचांच्या भाषेतून घडलेल्या आफ्रिकान्समधले. म्हणून डच पासपोर्ट असलेल्या कृष्णवर्णीयाने मंडेलांचे नाव घेणे म्हणजे लांबच्या देशाविषयी दाखवलेली सहानुभूती नव्हती. तो हिशेब घरचा होता. डच पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली ती डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजाने मागितली १ जुलै २०२३ रोजी. गुलिट या दोघांच्या पस्तीस वर्षे पुढे होता.

काही विद्वान म्हणतील, नंबर एक झाल्यावर बोलणे सोपे असते. मग त्याआधीचे पाहा. १९७९ मध्ये सोळाव्या वर्षी तो हार्लेम या छोट्या क्लबकडून मैदानात उतरला. पहिल्याच मोसमात क्लब खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्या मोसमात वर आला आणि त्यानंतरच्या मोसमात चौथा येऊन थेट युरोपीय स्पर्धेत गेला. १९८२ मध्ये तो फेयेनूर्डकडे गेला. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावी सेंट मिरनविरुद्ध सामना होता. प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून त्याची भर मैदानात विटंबना केली. त्या सामन्यातला एकमेव गोल त्यानेच मारला. मात्र गोल मारला म्हणून अपमान फिटतो असे आम्ही मानत नाही, आणि त्यानेही तसे मानले नाही. अशा रात्रींवर पदकाचा मुलामा चढवून 'बघा, त्याने खेळातून उत्तर दिले' म्हणणारे लोक प्रेक्षकांना प्रश्न विचारणे टाळतात. उत्तर देण्याची जबाबदारी नेहमी ज्याला शिवी बसली त्याचीच कशी?

नंतरचे यश सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९८४ मध्ये योहान क्रायफसोबत फेयेनूर्डला लीग आणि चषक, पीएसव्हीसोबत लागोपाठ दोन लीग विजेतेपदे, मिलानसोबत तीन. २५ जून १९८८ ला म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध युरोपीय स्पर्धेची अंतिम लढत झाली. पहिला गोल कर्णधार गुलिटचा, डोक्याने. दुसरा मार्को व्हॅन बास्टेनचा. नेदरलँड्सच्या पुरुष संघाने मोठी स्पर्धा जिंकली ती तेवढीच, आणि करंडक उंचावणारे हात सुरिनामी बापाच्या मुलाचे होते. १९८९ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्टला ४-० हरवताना त्याचे दोन गोल होते. १९८८ मध्येच त्याने 'रेव्हलेशन टाइम' या रेगे बँडसोबत वर्णभेदाविरुद्धचे गाणेही गायले. म्हणजे मंडेलांचे नाव एका संध्याकाळपुरते नव्हते.

यापुढची घटना मात्र आम्हाला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण ती आमच्या कामाच्या जवळची आहे. सॉनी हस्नू नावाचा एक सुरिनामी-डच समाजसेवक ॲमस्टरडॅमच्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांसोबत काम करत असे. फुटबॉल संघात जाणारी मुले समाजात लवकर रुळतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सुरिनामी वंशाच्या व्यावसायिक खेळाडूंचा 'रंगीत अकरा' नावाचा संघ उभा केला. जून १९८९ मध्ये हा संघ सुरिनामला सामने खेळायला निघाला. धुक्यात उतरताना पारामारिबोजवळ विमान कोसळले. १७६ माणसे गेली, फक्त ११ वाचली. गुलिट आणि फ्रँक रायकार्ड यांना त्यांच्या क्लबने जाऊ दिले नव्हते, म्हणून ते वाचले. मोठ्या क्लबचे खेळाडू मागे राहिले आणि दुय्यम क्लबांतून पोट भरणारी पोरे गेली. वर्ग कुठेकुठे आडवा येतो, याचे इतके क्रूर उदाहरण क्वचितच मिळेल. वस्तीतल्या मुलांसाठी गेलेले हे खेळाडू फुटबॉलच्या गौरवग्रंथांत किती पानांवर सापडतात, हे वाचकांनीच तपासावे.

आता गुलिटची दुसरी बाजू. ती लपवली तर आम्हीही भक्तच ठरू. २०११ मध्ये त्याने चेचन्यातील तेरेक ग्रोझनी या क्लबचे प्रशिक्षकपद स्वीकारले. तो क्लब म्हणजे रमझान कादिरोव या सत्ताधीशाची खासगी जहागीर. त्याच्या राजवटीत माणसे गायब होतात, छळ होतो, असे मानवाधिकार संघटना ओरडून सांगत होत्या. मंडेलांना पुरस्कार अर्पण करणाऱ्याने तिथे जायला नको होते, हे आमचे स्पष्ट मत. काही महिन्यांत त्याला काढून टाकले, म्हणून ती चूक लहान होत नाही. पण २०११ च्या चुकीने १९८७ चे शब्द खोटे पडत नाहीत. मंडेला सुटल्यावर दोघांची भेट झाली. मंडेलांनी आपल्याला काय सांगितले, ते गुलिटने नंतर सांगितले आहे : आता मला मित्र पुष्कळ आहेत, मी आत होतो तेव्हा तू थोड्यांपैकी एक होतास. या एका गोष्टीवर गुलिटचा हक्क कायम राहतो.

शेवटचा मुद्दा 'गुणवत्ते'चा. कृष्णवर्णीय खेळाडूचे कौतुक कसे होते ते ऐका : ताकद, वेग, नैसर्गिक देणगी. डोक्याचा उल्लेख नाही! गुलिटचे केस, उंची, उडी यांवर रकाने भरले गेले. पण तो बचावाच्या मागे स्वीपर, मध्यफळीत आणि आघाडीवर अशा तिन्ही जागी उच्च दर्जाचे खेळत होता. हे मांड्यांच्या जोरावर होत नाही, त्याला मैदान वाचावे लागते. १९९६ मध्ये चेल्सीने त्याला खेळाडू-व्यवस्थापक नेमले. १९९७ मध्ये मिडल्सब्रोला २-० हरवून त्याने एफए कप आणला. चेल्सीचा तो २६ वर्षांतला पहिला मोठा करंडक आणि इंग्लंडमध्ये मोठा करंडक जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक.

फेब्रुवारी १९९८ मध्ये चेल्सीने त्याला काढले. नव्या कराराच्या पैशांवरून बिनसले, असे क्लबने सांगितले. गुलिटला ते मान्य नव्हते. रंगामुळेच काढले, असे आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. त्या दिवशी चेल्सी लीगमध्ये दुसऱ्या स्थानावर होती आणि दोन चषक स्पर्धांत टिकून होती. त्याने जमवलेल्या संघाने त्याच मोसमात ते दोन्ही चषक जिंकले, बाकावर जानलुका विआली बसलेला असताना.