दऱ्यांचा दर्या होऊ नये

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. भेद केवळ अर्ध्या ‘र’चा. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो: ‘ऱ’ (०९३१) व हलन्तचिन्ह, किंवा साधा ‘र’ (०९३०), हलन्तचिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला भिन्न. म्हणून शोध घेता तोच शब्द कधी सापडतो, कधी नाही. शिवाय नक्कल करताना ते अदृश्य चिन्ह गळले, तर दऱ्यांचा दर्या होतो! ‘दिसते ना बरोबर?’ हा युक्तिवाद छपाईपुरता ठीक. ग्रंथसूचीस तो घातक आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले, ते ग्रंथ वाचकाच्या हाती पडावा म्हणून. येथील मराठी संस्थांनी आपल्या सूची संगणकावर नेताना पहिल्याच रीतीचा आग्रह धरावा.